भूगर्भाचा हिशेब

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेल्या वर्षी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ माझ्या हाती लागला. मी शोधत होतो प्रबोधनकाळावरचे पुस्तक, पण कपाटात त्याच्या शेजारी हा ग्रंथ उभा होता. उघडला तर पानोपानी चित्रे. डोंगराच्या पोटात उतरणारी माणसे, रहाटाने पाणी उपसणारे गडी, हातोडा घेऊन उताणा पडून दगड फोडणारा खाणकामगार. एका चित्रात तर दोन माणसे हातात दुबेळक्याची काठी धरून माळावरून चालली होती. ते चित्र पाहिले आणि मी जागीच खिळलो. अशीच काठी धरून चालणारा माणूस मी लहानपणी आमच्या शेतात पाहिला होता.

मी सहा वर्षांचा असेन. आमच्या कोरडवाहू रानात विहीर पाडायची होती. पाणाडी आला. उंबराची दुबेळक्याची फांदी दोन्ही मुठींत धरून तो बांधावरून फिरला. एका ठिकाणी फांदी खाली वळली. तेथे नारळ फुटला, यारी बसली, सुरुंग लागले. मुरूम संपून काळा पाषाण लागला, तो संपेना. पन्नास फुटांवर आण्णांचे पैसे संपले. पाणी लागले नाही. ती विहीर अजून आहे. पावसाळ्यात तिच्यात जे साठते ते दिवाळीपर्यंत पुरते. कर्ज मात्र पुष्कळ वर्षे पुरले.

म्हणून त्या चित्राखालचा मजकूर मी शब्दकोश घेऊन वाचला. सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी त्या लेखकाने लिहून ठेवले होते की, खऱ्या खाणकऱ्याने या काठीच्या नादी लागू नये. लेखकाचे नाव गेऑर्गिअस ॲग्रिकोला. लॅटिन भाषेत ॲग्रिकोला म्हणजे शेतकरी. या शेतकरी नावाच्या माणसाची ओळख माझ्या मित्रांना करून द्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

ॲग्रिकोलाचा जन्म २४ मार्च १४९४ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात ग्लाउखाऊ या गावी झाला. त्याचे मूळ नाव गेऑर्ग बावर. बावर या जर्मन शब्दाचा अर्थही शेतकरी असाच. त्या काळी विद्वान मंडळी आपली नावे लॅटिनमध्ये फिरवून घेत. त्या चालीप्रमाणे बावरचा ॲग्रिकोला झाला. नाव शेतकऱ्याचे असले तरी घरचा धंदा शेतीचा नव्हता. वडील कापडाचा आणि रंगाऱ्याचा व्यवसाय करीत. १५१४ मध्ये तो लाइप्झिगच्या विद्यापीठात दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी पदवीधर झाला. त्याचा पहिला विषय भाषा हा होता. १५१८ पासून त्याने त्स्विकाऊ या गावी शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवले. त्याचे पहिले पुस्तक निघाले १५२० मध्ये, ते लॅटिन व्याकरणाचे. पुढे खाणींवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने आरंभ नाम आणि क्रियापद यांच्यापासून केला, ही गोष्ट आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना धीर देणारी आहे.

नंतर तो वैद्यकाकडे वळला. १५२३ च्या सुमारास इटलीत गेला, बोलोन्यात शिकला आणि व्हेनिसमध्ये एका नामांकित छापखान्यात प्राचीन ग्रीक वैद्य गॅलन याच्या ग्रंथांच्या संपादनात त्याने हातभार लावला. जुन्या ग्रंथांत औषधी मातीची, क्षारांची, धातूंच्या भस्मांची कितीतरी नावे येत. पण ही नावे नेमक्या कोणत्या पदार्थाची, हे कोणालाच धड ठाऊक नव्हते. नावाचा अर्थ शोधायचा तर वस्तू पाहिली पाहिजे, आणि ती पाहायची तर जमिनीखाली उतरले पाहिजे. ॲग्रिकोलाला खाणीची वाट दाखवली ती अशी शब्दकोशाच्या अडचणीने.

१५२७ मध्ये तो योआखिमस्थाल या गावी नगरवैद्य म्हणून गेला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात असून त्याला याखिमोव्ह म्हणतात. १५१६ मध्ये तेथे चांदीची खाण सुरू झाली होती आणि दहाबारा वर्षांत रानाच्या जागी गजबजलेले शहर उभे राहिले होते. तेथल्या चांदीची नाणी १५२० च्या सुमारास पडू लागली. गावाच्या नावावरून त्यांना थालर म्हणत. त्याच शब्दापासून पुढे डॉलर हा शब्द आला.

अशा गावात वैद्याला काम कमी नसे. परंतु रोग्यांतून उरलेला सगळा वेळ ॲग्रिकोला खाणींत आणि भट्ट्यांवर घालवी. तो खाणकऱ्यांशी बोले, त्यांना प्रश्न विचारी, ते सांगतील ते टिपून घेई. बेर्मान नावाचा एक जाणता खाणकरी त्याचा स्नेही झाला. त्याचेच नाव देऊन ॲग्रिकोलाने १५३० मध्ये एक छोटा संवादग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दोन विद्वान वैद्य आणि एक खाणकरी डोंगरातून फिरत बोलत आहेत, आणि शिकवणारा आहे तो खाणकरी! इरॅस्मससारख्या थोर पंडिताने या पुस्तकासाठी प्रशस्तिपत्र लिहिले. विद्वानांनी कामकऱ्याकडून शिकावे, हे त्या काळी धाडसाचेच होते.

त्या भागात खाणीची मालकी एकाकडे नसे. खाणीचे साधारणपणे १२८ भाग पाडीत आणि ते विकले जात. वैद्य, व्यापारी, विधवा बाया, कोणीही भाग घेई. लाभ झाला तर वाटून घ्यायचा, नाहीतर दर तिमाहीला खर्चाची वर्गणी भरायची. कितीजण या वर्गणीतच बुडाले. ॲग्रिकोलाने स्वतःही एका खाणीत भाग घेतले होते आणि ते त्याला चांगले लाभले. म्हणजे भूगर्भातल्या धनाबद्दल लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःच्या खिशातले पैसेही त्यात घातले होते. मला ही बाब महत्त्वाची वाटते. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही त्याचा सल्ला आणि ज्याने पदरमोड केली आहे त्याचा सल्ला, यांत फरक असतो.

पुढे तो केम्निट्झ येथे स्थायिक झाला आणि मरेपर्यंत तेथेच राहिला. वैद्यकी चालू होती, लेखन चालू होते. १५४६ मध्ये त्याचे अनेक ग्रंथ एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत त्याने खनिजांचे वर्गीकरण रंग, वजन, चव, वास, कठीणपणा अशा प्रत्यक्ष दिसणाऱ्या आणि जाणवणाऱ्या गुणांवरून केले. त्याच वर्षी त्याला केम्निट्झचा नगराध्यक्ष नेमण्यात आले. युद्धाचे दिवस होते. सॅक्सनीच्या ड्यूकने त्याला राजकारणाच्या कामावरही धाडले. पण या सगळ्या धावपळीत एका मोठ्या ग्रंथाचे काम वीसएक वर्षे चालूच होते. त्याचे नाव डे रे मेटॅलिका, म्हणजे धातुविषयी. बारा खंड आणि २९२ काष्ठचित्रे. मी कपाटातून काढला तो हाच ग्रंथ.

या ग्रंथाचे मर्म मला दुसऱ्या खंडात सापडले. जमिनीत धातू आहे की नाही, हा पहिला प्रश्न. ती काढणे परवडेल की नाही, हा दुसरा. आपण माणसे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे धरून चालतो. ॲग्रिकोलाने हे दोन प्रश्न वेगळे केले.

पहिल्या प्रश्नासाठी त्या काळी सर्रास काठी वापरीत. चांदीसाठी हेझल झाडाची, तांब्यासाठी ॲश झाडाची, शिसे आणि कथील यांसाठी पाइनची, आणि सोन्यासाठी लोखंडाची काठी. ॲग्रिकोलाने हे सगळे नीट नोंदवले आहे, काठीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांची मते मांडली आहेत आणि मग सांगितले आहे की, निसर्गाच्या खुणा ओळखणाऱ्या विचारी माणसाला काठीचा काही उपयोग नाही. त्या खुणा कोणत्या, तेही त्याने दिले आहे. ओढ्याने कापलेल्या काठात, उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळाशी, नांगराच्या तासात धातूची शीर उघडी पडते. ओढ्यातल्या वाळूत धातूचे कण सापडले, तर ते वाहून आले त्या दिशेने वर चढत जावे. गवतावर दव गोठून पांढरे होते, पण शिरेवरच्या पट्ट्यात ते तसे होत नाही. शिरेवरची झाडे शेंड्याकडून वाळतात आणि त्यांची पाने निळसर दिसतात. यांतल्या काही खुणा आजच्या शास्त्राला मान्य होतील, काही होणार नाहीत. पण प्रत्येक खूण दुसऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते. काठी फक्त धरणाऱ्याच्या हातात वळते.

दुसऱ्या प्रश्नासाठी ॲग्रिकोलाने सात गोष्टी सांगितल्या आहेत. शीर सापडली तरी कुदळ उचलण्यापूर्वी खाणकऱ्याने या सातांचा विचार करावा. पहिली जागा. डोंगर असेल तर पायथ्याकडून आडवा बोगदा खणता येतो, त्यातून पाणी आपोआप बाहेर जाते आणि दगडही ओढून आणता येतो. सपाट भूमीवर सगळेच वर उपसावे लागते. दुसरी जमिनीची स्थिती. जवळ रान आहे का? खाणीला आधाराचे खांब लागतात, भट्टीला कोळसा लागतो. तिसरी पाणी. बारमाही ओढा असेल तर त्यावर चक्र फिरते आणि दगडाचा चुरा धुता येतो. चौथी रस्ता. खाणीच्या मुलखात धान्य पिकत नाही. माणसांचे पोट आणि खाणीचा माल दोन्ही रस्त्यावर अवलंबून. पाचवी हवा. ती रोगट असेल तर धातू मुबलक असूनही शहाण्याने नाद सोडावा. सहावी मालकी. जमिनीचा धनी न्यायी आहे की जुलमी? आणि सातवी शेजारी. तो वैरी असेल तर कष्टाचे फळ हाती लागेलच असे नाही.

या सातांपैकी धातूविषयी एकही नाही! शिरेत किती चांदी, किती तांबे, हा प्रश्न या यादीत येतच नाही, कारण तो वेगळा तपासायचा आहे. तरी या सातांपैकी एक जरी प्रतिकूल निघाली, तरी उत्तम शीरही मातीमोल ठरू शकते. पाणाड्याने आमच्या रानात फांदी वळवली तेव्हा यांतला एकही प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता.

धातू किती, याची परीक्षा सातव्या खंडात आहे. आपल्या भाषेत तिला कस पाहणे म्हणतात. सगळा डोंगर वितळवून पाहता येत नाही, म्हणून थोडासा नमुना घ्यायचा, दळायचा, तोलायचा आणि छोट्या भट्टीत त्याची परीक्षा करायची. चांदीचा कस पाहताना नमुन्यात शिसे मिसळतात आणि हाडांच्या राखेच्या वाटीत तापवतात. शिसे वाटीत मुरते, हिणकस त्याच्याबरोबर जाते आणि तळाशी चांदीचा मणी उरतो. तो अतिशय नाजूक काट्यावर तोलायचा. वाऱ्याने काटा हलू नये म्हणून तो पेटीत ठेवायचा. येथे ॲग्रिकोला एक सावधगिरी सांगतो, ती मी विसरू शकत नाही. शिशातही थोडी चांदी असते. म्हणून आपण वापरलेल्या शिशाचा कस आधी वेगळा पाहावा आणि तेवढी चांदी शेवटच्या मण्यातून वजा करावी. नाहीतर आपणच घातलेली चांदी आपल्याला सापडली म्हणून आपण नाचू लागायचे. आशेचेही असेच असते. आपण आपली आशा दगडात मिसळतो आणि तीच तोलून घेतो.

हा कस नुसत्या चांदीसाठी नव्हता. त्या भागात तांबे आणि शिसे यांच्या धातुकांत, म्हणजे धातू देणाऱ्या दगडांत, थोडी थोडी चांदी मिसळलेली असे. तांब्यातली चांदी काढायला त्यात शिसे मिसळून वितळवावे लागे. मग चांदी शिशाबरोबर ठिबकून बाहेर येई. त्यासाठी शिसे हवे, लाकूड हवे, मजूर हवेत, दिवस हवेत. म्हणजे तांब्यात चांदी आहे एवढे कळून भागत नव्हते. ती काढायला लागणारा खर्च चांदीच्या किमतीपेक्षा कमी आहे का, हे पाहावे लागे. नसेल तर ती चांदी तांब्यातच राहिलेली बरी. अकरावा खंड सगळा याच कामावर आहे.

भाग विकत घेणाऱ्यालाही ॲग्रिकोलाने सावध केले आहे. भाग घेण्यापूर्वी स्वतः खाणीवर जाऊन शीर पाहावी, कारण विकणारे फसवतात. आणि सगळा पैसा एकाच खाणीत घालू नये.

आता एका गोष्टीबद्दल लिहितो. ती ग्रंथात आहे, पण त्या सात गोष्टींच्या यादीत नाही. ॲग्रिकोला वैद्य होता. खाणकऱ्यांची फुप्फुसे धुळीने कुजतात, हे त्याने पाहिले होते. कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या मुलखात, एकामागून एक सात नवरे या क्षयाने गेलेल्या बायका आहेत, असे त्याने नोंदवले आहे. त्याने तोंडावर सैल फडके बांधण्याचा उपाय सांगितला, खाणीत हवा खेळवण्यासाठी पंखे आणि भाते यांची चित्रे दिली. पहिल्या खंडात त्याने खाणींच्या विरोधकांचे म्हणणेही सविस्तर मांडले आहे. खाणींमुळे शेते उजाड होतात, राने तुटतात, पाखरे आणि जनावरे नाहीशी होतात, दगड धुतलेले पाणी ओढ्यात जाऊन मासे मरतात, असे ते म्हणत. हे त्याने दडवले नाही. मग त्याने उत्तर दिले की, धातूंवाचून नांगर नाही, भांडे नाही, औषधाचे हत्यार नाही. माणूस पुन्हा रानात राहू लागेल. शिवाय खाणी बहुधा नापीक डोंगरांत असतात, आणि लाभलेल्या धातूने इतर उणीव भरून काढता येते.

हे उत्तर मला अर्धेच पटते. धातू हव्यात, हे खरे. पण लाभ भागधारकाच्या घरी जातो आणि मेलेले मासे ओढ्याकाठच्या माणसाच्या वाट्याला येतात. सात नवरे गमावलेल्या बाईचे नाव १२८ भागांपैकी एकावर तरी होते का? ॲग्रिकोलाचा हिशेब त्याच्या काळाच्या मानाने फार प्रामाणिक आहे, पण या ओळीवर तो थांबतो. खाण लाभदायक आहे असे म्हणताना लाभ कोणाला, हा आठवा प्रश्न आपण जोडला पाहिजे, असे मला वाटते.

तो सर्वस्वी आधुनिक होता असेही नाही. काठी त्याने नाकारली, पण खाणीत पिशाच्चे असतात हे त्याला मान्य होते आणि ती प्रार्थनेने व उपवासाने पळतात, असे तो लिहितो. मोठी माणसेही काळोखात काही पावले चाचपडतच टाकतात.

त्याचा शेवट सुखाचा झाला नाही. १५५२–५३ मध्ये सॅक्सनीत प्लेग आला. तेव्हा साठीला टेकलेला हा वैद्य रोग्यांमध्ये काम करीत होता. १५५४ मध्ये त्याने प्लेगवर पुस्तक लिहिले. मोठा ग्रंथ १५५० च्या सुमारास लिहून झाला होता, पण शेकडो चित्रे काढून लाकडात कोरायला वर्षे लागली. २१ नोव्हेंबर १५५५ रोजी केम्निट्झमध्ये ॲग्रिकोलाचे निधन झाले. तो कॅथलिक राहिला होता आणि गाव प्रॉटेस्टंट झाले होते. ज्या गावाचा तो नगराध्यक्ष होता, ज्या गावातल्या रोग्यांची त्याने सेवा केली, त्या गावाने त्याला मूठभर माती नाकारली. जन्मभर जमिनीखालच्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्याला स्वतःच्या गावात जमिनीखाली जागा मिळाली नाही. अखेर त्याचे दफन त्साइट्स येथील चर्चमध्ये झाले. त्याचा ग्रंथ बाझेलहून बाहेर पडला तो १५५६ मध्ये. तो त्याने पाहिला नाही.

हा ग्रंथ लॅटिनमध्ये होता. खाणकरी बोलत जर्मन. त्यांच्या शेकडो शब्दांना लॅटिनमध्ये शब्दच नव्हते. ते ॲग्रिकोलाने घडवले. त्यामुळे ज्यांच्याकडून ज्ञान आले त्यांनाच ते वाचता येईना, आणि ज्यांना लॅटिन येई त्यांना खाण ठाऊक नव्हती. १५५७ मध्ये त्याचे जर्मन भाषांतर निघाले. इंग्रजी भाषांतराला मात्र १९१२ साल उजाडले. ते हर्बर्ट हूव्हर आणि त्याची पत्नी लू हेन्री हूव्हर यांनी मिळून केले. दोघेही भूशास्त्राचे पदवीधर. हर्बर्ट लोहाराचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला. पुढे खाण-अभियंता झाला आणि १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. या दांपत्याने ग्रंथातले प्रयोग समजून घेत, अडलेल्या शब्दांचा अर्थ लावत कित्येक वर्षे काम केले. त्यांचेच भाषांतर मी वाचले.

हूव्हरने १९०९ मध्ये खाणींचे मूल्य कसे ठरवावे यावर स्वतःचे पुस्तक लिहिले होते. त्यात त्याने भूगर्भातला साठा तीन प्रकारांत विभागावा असे सुचवले: सिद्ध झालेला, संभवनीय आणि केवळ अपेक्षित. ॲग्रिकोलाने शिशातली चांदी वजा करायला सांगितली, तीच ही शिस्त. जे तोललेले आहे ते वेगळे मांडा, जे वाटते ते वेगळे.

आज तांबे, शिसे, जस्त यांचा साठा तपासताना जमिनीत नळीच्या आकाराची खोल छिद्रे पाडून आतल्या खडकाचे लांबच लांब तुकडे बाहेर काढतात. त्यांचा कस पाहतात. साठा किती टन, त्यात धातू शेकडा किती, खडक मजबूत की भुसभुशीत, पाणी किती, दगडातून धातूचा किती हिस्सा हाती लागेल, बाजारभाव काय, याचा हिशेब मांडतात. आज मोठमोठ्या उघड्या खाणींत शंभर किलो दगडात एक किलोहूनही कमी तांबे असले तरी काम चालते. तोच दगड खोल जमिनीखाली असेल तर बहुधा परवडत नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना परिसरात तांब्याचे धातुक असल्याचे भूशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. तांबे आहे, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर. त्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

आणि हे उत्तर कायमचेही नसते. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे जस्त वेगळे करता येत नव्हते म्हणून टाकून दिलेल्या दगडचुऱ्याचे डोंगर साचले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी फेसावर तरंगवून जस्त वेगळे करण्याची रीत निघाली आणि तोच कचरा धन झाला. त्या उद्योगात हूव्हरही होता. आणि ॲग्रिकोलाच्या योआखिमस्थालमध्ये चांदीबरोबर निघणारा एक काळा जड दगड खाणकरी निरुपयोगी समजत. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्यूरी यांनी त्याच प्रकारच्या दगडातून रेडियमचा शोध लावला, आणि पुढे तेथल्याच टाकाऊ गाळातून ते वेगळे केले. म्हणून शहाणा परीक्षक आज परवडत नाही असे म्हणतो. कधीच परवडणार नाही असे म्हणत नाही.

शेवटी थोडे घरचे. यंदा उन्हाळ्यात आण्णांच्या मनात बोअर घेण्याचे होते. पुन्हा कोणीतरी तळहातावर नारळ उभा करणारा सांगून आला होता. आण्णा मला म्हणाले, तू कॉलेजात शिकतोस, तूच सांग पाणी लागेल का. मला सांगता येईना. पण आता काय विचारायचे हे मला कळत होते. मी वही घेऊन आण्णांच्या शेजारी बसलो आणि आमच्या शिवारातल्या अकरा विहिरी आणि बोअर यांची यादी केली. कोणाची किती खोल, मुरूम कुठवर, मांजऱ्या कुठे लागला, काळा पाषाण कुठे, पाणी कोणत्या महिन्यात आटते. आण्णांना सगळे तोंडपाठ होते. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या डोक्यात शिवाराचा सगळा नकाशा होता; तो कागदावर उतरवणारे कोणी नव्हते, इतकेच. तेव्हा मला बेर्मान आणि ॲग्रिकोला आठवले. जाणता खाणकरी बोलत होता आणि शिकलेला टिपून घेत होता.

यादी पूर्ण झाली. आमच्या बाजूच्या चारही बोअर काळ्या पाषाणात कोरड्या गेल्या होत्या. आण्णांनी ती यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि नारळवाल्याला नको म्हणून कळवले. जुन्या विहिरीतला गाळ काढून, पावसाचे पाणी तिच्यात वळवण्याचे ठरले. पाण्याचा प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. पण आमच्या घरात प्रथमच जमिनीला हात लावण्यापूर्वी हिशेब झाला, आणि त्या हिशेबाचे उत्तर नाही असे आले. ते ऐकून घेता आले, एवढे मी शेतकरी नावाच्या त्या माणसाकडून शिकलो.